आकडे मोजून कॉलची दिशा ठरत नाही

ऑफिसच्या फोन एक्स्चेंजच्या नोंदींवरून कॉल आत आला की बाहेर गेला हे कसं ओळखायचं, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही म्हणता, "एक्स्टेंशन तीन आकडी असतं. फोन करणाऱ्याचा नंबर लांब असला की इनकमिंग, आखूड असला की आउटगोइंग. एवढ्यासाठी पानंच्या पानं? काम नसलेले लोक असले लेख लिहितात." शेवटचं वाक्य कशासाठी? पटलं नाही तर तसं सांगा, माझं काम कशाला काढता? लेख लांबला आणि तक्ता आधी यायला हवा होता, एवढं मान्य.

आता तुमचा नियम. ग्राहकाचा फोन आला, 204 या एक्स्टेंशनवर, म्हणजे ऑफिसातल्या एका टेबलावरच्या फोनवर वाजला. 204 वाल्याने फोन आपल्या मोबाइलवर फॉरवर्ड करून ठेवलाय. मग एक्स्चेंज दुसरी ट्रंक, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन घेऊन बाहेर फोन लावतं. त्या नोंदीत सोर्सला (फोन करणाऱ्याच्या रकान्यात) ग्राहकाचा नंबर, डेस्टिनेशनला (जिथे फोन लावला त्या रकान्यात) मोबाइल. दोन्ही लांब. तुमच्या हिशेबाने हा इनकमिंग, पण त्याचे पैसे आपल्याला भरावे लागतात!

उलटंही होतं. बाहेर जाणाऱ्या कॉलवर एक्स्टेंशनऐवजी कंपनीचा मुख्य नंबर दाखवतात, आणि कित्येक सिस्टिममध्ये सोर्सच्या रकान्यात तोच उतरतो. ॲनालॉग लाइनवर तर एफएसके (दोन सुरांतून नंबर पाठवायच्या) पद्धतीचा कॉलर आयडी सहसा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येतो. एक्स्चेंजने पहिल्याच रिंगला लाइन उचलली की नंबर गेला, रकाना रिकामा. मग आकडे कशाचे मोजणार?

म्हणून मी ट्रंक बघा म्हणतो. ॲस्टरिस्क या एक्स्चेंज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींत, दिशेचा वेगळा रकाना नसतोच. ट्रंक 'चॅनल'मध्ये (फोन करणाऱ्याच्या बाजूच्या रकान्यात) असेल तर कॉल बाहेरून आला, 'डेस्टचॅनल'मध्ये (जिकडे लावला त्या बाजूच्या) असेल तर बाहेर गेला. दोन्हींत असेल तर तो येऊन पुन्हा बाहेर गेलेला, त्याला तिसरं खातं. एकाच कॉलच्या तुकडे झालेल्या नोंदी लिंक्डआयडी या त्यांच्या सामाईक ओळखखुणेवरून जुळवायच्या. लेखात हे सगळं आहे. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

क्रोनवर, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडायच्या पट्टीवर, तारांच्या जोड्या पंच करत मी या धंद्यात आलो, पुस्तक वाचून नाही. एका कंपनीत तुमच्याच नियमावर रिपोर्ट काढत होते. फॉरवर्ड झालेले सगळे कॉल इनकमिंगमध्ये जमा, बिल मात्र चढतंय. ठपका रिसेप्शनवरच्या मुलीवर, की ती खासगी फोन करते. ट्रंकप्रमाणे नोंदी लावल्या तेव्हा दिसलं की महागडे कॉल ती घरी गेल्यानंतरचे होते, एका साहेबांच्या फॉरवर्डिंगचे. त्या मुलीला कुणी साधं "चुकलं" म्हटलं नाही. एवढं बघितल्यावर दोन ओळींत उरकणं मला जमत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल आणि सॉफ्टवेअरच्या किमतीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, तो या लेखाचा विषय नव्हता, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

तुमच्याकडच्या एखाद्या फॉरवर्ड झालेल्या कॉलची नोंद, नंबर झाकून, इथे टाका. तुमच्या नियमाने ती कुठल्या खात्यात जाते ते बघू.