‘काही करत नाही हो तो’: सिंबाच्या बाबांना उत्तर

सिंबाचे बाबा, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण लगेच उत्तर द्यायला बसले असते तर रागात काहीतरी लिहून गेले असते म्हणून आज सकाळी शांतपणे लिहितेय. थोडं लांबणार आहे.

ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी मागे लिहिलं होतं की ज्यांचा कुत्रा मोठा, ताकदवान आहे किंवा कधी अंगावर धावून गेलाय, त्यांनी लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये त्याला आखूड पट्ट्यावर आणि मझल (चावता येऊ नये म्हणून कुत्र्याच्या तोंडावर घालतात ते) घालूनच न्यावं. त्यावर यांचं म्हणणं असं की मझल म्हणजे मुक्या जिवाला मुसकं बांधणं, सोसायटीला तशी सक्ती करता येत नाही असं प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांमध्येच आहे, त्यांचा सिंबा ४८ किलोचा रॉटवायलर असला तरी इतका गुणी की त्यांची बारा वर्षांची मुलगी त्याला रोज संध्याकाळी फिरवते, ज्यांना भीती वाटते त्यांनी दुसरी लिफ्ट पकडावी, आणि माझ्यासारख्यांनी आधी रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल बोलावं. शेवटी लिहिलंय, "घरात कुत्रा असता तर असं लिहिलं नसतंत."

शेवटापासूनच सुरू करते. माझ्या घरात कुत्रा होता. राजा. जर्मन शेफर्ड क्रॉस, साधारण तीन वर्षांचा असताना आमच्याकडे आला आणि पुढे नऊ वर्षं राहिला. घरात लोण्यासारखा मऊ, माझी सासू पोथी वाचायला बसली की तिच्या पायाशी जाऊन झोपायचा. पण त्याला हेल्मेट घातलेल्या माणसाची भयंकर भीती वाटायची, का ते आम्हाला कधीच कळलं नाही, आधीच्या घरी काही झालं असेल. बघितलं की गुरगुरायचा. आणि मी काय करायचे, तर त्याला दटावायचे, "राजा, गप!" काही महिन्यांत त्याने गुरगुरणं सोडलं आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा कसा शहाणा झालाय.

तो शहाणा झाला नव्हता. त्याने फक्त आधी सांगणं बंद केलं होतं.

एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात डिलिव्हरीचा एक मुलगा समोरून आला, डोक्यात हेल्मेट, हातात पिशवी. तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि मी हसत म्हणाले, "काही करत नाही हो तो." राजाने त्याआधी दोनदा ओठ चाटले होते, कान मागे गेले होते, अंग ताठ झालं होतं, हे मला आज आठवतं, तेव्हा दिसत असूनही दिसलं नाही. पट्टा मी मनगटाला नुसता अडकवला होता. पुढच्या क्षणाला त्या मुलाच्या हातातून रक्त येत होतं आणि तो मला म्हणत होता, "जाऊ द्या मॅडम, ऑर्डर लेट होईल."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्याला घरात घेतलं, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, मग दवाखान्यात नेलं. जखम खोल होती म्हणून रेबीजच्या लसीसोबत जखमेच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे लस काम करू लागेपर्यंत रेबीजपासून वाचवणारी, इंजेक्शनं दिली, ती काय दुखतात ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. राजाची लस पूर्ण होती तरी दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. लसीचे पुढचे डोस, बुडलेले दिवस, सगळे पैसे मी दिले, पण तो मुलगा माझ्यावर विश्वास ठेवून जिना चढला होता, ते कसं भरून देणार?

म्हणून तुम्ही जेव्हा लिहिता की सिंबाने आजवर कुणाला काही केलं नाही, तेव्हा मला ते खोटं वाटत नाही. राजानेही त्या दिवसापर्यंत काही केलं नव्हतं.

आता मुसकं. तुमचा शब्द मला आवडला कारण तो मला आजोळी घेऊन गेला. कोळपणीला आजोबा बैलांना मुसकं घालायचे, नाहीतर उभ्या पिकात तोंड घालणारच ना तो, त्याचा स्वभावच आहे. त्याच बैलांना पोळ्याला पुरणपोळी भरवायचे तेही आजोबाच. आजोबा क्रूर आहेत असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. अर्थात एक गोष्ट तुमची शंभर टक्के बरोबर. ते कापडाचं, तोंड गच्च आवळणारं मझल मिळतं ना, ते वाईटच. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो तोंड उघडून धापा टाकूनच अंग थंड करतो, आपल्या उन्हाळ्यात त्याचं तोंड बांधून फिरवलं तर जिवावर बेतू शकतं. मी म्हणतेय ते जाळीचं, टोपलीसारखं. त्यात जीभ बाहेर येते, पाणी पिता येतं, फटीतून खाऊ देता येतो. राजाला आम्ही तीन आठवड्यांत सवय लावली, रोज त्या जाळीच्या आत उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवायचा आणि त्याने स्वतःहून तोंड घातलं की शाब्बास, बांधायचं नाही, मग पाच सेकंद, मग अर्धा मिनिट असं वाढवत नेलं. नंतर जाळी हातात घेतली की त्याला कळायचं फिरायला जायचंय, शेपूट हलायला लागायची.

आणि प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना मीही वाचल्यात. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, मझलची सक्ती करू शकत नाही, सगळं मान्य, आणि मनमानी करणाऱ्या कमिट्यांविरुद्ध तुम्ही उभे राहिलात तर मी तुमच्या बाजूने येईन. पण मी कमिटीला सांगतच नव्हते हो, मी तुम्हाला सांगत होते. सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. त्याच सूचनांमध्ये बाहेर नेताना पट्टा लावा असंही सांगितलंय.

दुसरी लिफ्ट पकडा म्हणालात त्याबद्दल एक खरी केस सांगते. २०१८ साली वरळीतल्या एका इमारतीत एक बाप लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. मधल्या मजल्यावर शेजारी कुत्रा घेऊन आला, बापाने विनंती केली की पोरगा घाबरतो, जरा थांबा. शेजाऱ्याने ऐकलं नाही, कुत्र्याला ओढतच आत आणलं, आणि कुत्रा त्या बापाच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये कोर्टाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा दिली. कुत्रा होता हस्की, पिटबुल नाही की रॉटवायलर नाही. तो कुत्राही आत यायला तयार नव्हता हे मला सगळ्यात जास्त लागलं. अर्धा मिनिट थांबायचं होतं फक्त. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात जात कुठली हे कुणी विचारत नाही.

जातीवरून बंदी घालण्याच्या मीही विरोधात आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घाला म्हणून राज्यांना पत्र पाठवलं, त्यात रॉटवायलर होता, तुमचाही जीव टांगणीला लागला असेल. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टांनी ते रद्द केलं म्हणून सुटलो. पण असं पत्र निघतंच का? २०२२ मध्ये लखनौला एका म्हातारीला घरच्याच पिटबुलने मारलं, अशा बातम्या आल्या की लोक भडकतात आणि मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनीमध्ये २०१३ पासून नव्याने कुत्रा पाळणाऱ्या माणसाला लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, कुत्रा कुठल्याही जातीचा असो. मला हे पटतं, कारण परीक्षा माणसाची आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे, त्यांची नसबंदी आणि लसीकरण महापालिकेने नीट करायलाच हवं. पण त्यांच्या गळ्यात पट्टा नाही आणि दुसऱ्या टोकाला कुणी उभं नाही. सिंबाच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुमची मुलगी उभी आहे.

आणि खरं सांगू, मला हे उत्तर लिहायला बसवलं ते त्या एका ओळीने. ४८ किलोचा कुत्रा आणि बारा वर्षांचं पोर. सिंबा गुणी असेल, पण गेटबाहेरची चार कुत्री भुंकत अंगावर आली आणि त्याने एक हिसका मारला तर ती पडणार, पट्टा हातात गुंडाळलेला असेल तर फरफटत जाणार. भांडणात सापडलेला कुत्रा जवळ जो हात येईल त्याला चावतो, तो हात कुणाचा हे बघायला त्याला वेळ नसतो. मग पुढे काय होईल? तुमचीच पोर सोडवायला मध्ये हात घालेल, कारण तिचं त्याच्यावर प्रेम आहे. कृपा करून आजपासून संध्याकाळचा पट्टा तुम्ही किंवा वहिनींनी धरा, ती शेजारून चालू दे. बाकी काहीही ऐकू नका पण एवढं ऐका.

मझल घ्यायचं ठरवलंत तर माप असं घ्या: डोळ्यांच्या थोडं खालपासून नाकाच्या टोकापर्यंत लांबी, आणि तोंडाचा घेर मोजताना ते मिटलेलं नको, धापा टाकतो तेव्हा उघडतं तेवढं उघडं असू द्या. दोन्ही आकडे इथेच लिहा, नंबर कुठला लागेल ते बघून सांगते.