मुठीत कांडी धरून गुडघ्यातली गादी मोजता येत नाही

आमच्या दादर-माहीमच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "एक्स-रे नको, एमआरआय नको. एक्स-रेत गादी दिसतच नाही. विजेच्या यंत्राची कांडी मिनिटभर मुठीत धरा, गुडघ्यातली गादी किती टक्के शिल्लक आहे ते कळेल. परदेशात सिद्ध झालेलं तंत्र. गादी कमी निघाली तर तीन महिन्यांच्या कोर्सने परत वाढते." मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मेसेज वाचून अशा तपासणीच्या शिबिराला गेलेल्या एक काकू माझ्याकडे रिपोर्ट घेऊन आल्या, म्हणून हे लिहायला बसले.

रिपोर्टात डावा गुडघा 41 टक्के, उजवा 63. काकूंचा दुखतो तो उजवा!

"कांडी कुठे धरली होती?"

"उजव्या हातात. आधी वय, उंची, वजन विचारलं."

"आणि गुडघ्याला काय लावलं?"

"काहीच नाही गं."

पहिला दावा इथेच कोसळतो. प्रवाह ज्या वाटेने जातो तिथलीच माहिती तो देऊ शकतो. कांडी तळहातात असेल तर गुडघा त्या वाटेवर येतच नाही, मग डावा-उजवा वेगळा कुठून सांगणार? चरबी मोजणाऱ्या वजनकाट्यावर अनवाणी उभं राहिलं की प्रवाह पायांतून जातो हे खरं. पण तो आकडा मुख्यतः स्नायू आणि अंगातल्या पाण्याचा असतो. काही मिलिमीटर जाडीची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची ही गादी, त्यातून वेगळी काढता येत नाही.

"परदेशात सिद्ध" या शब्दांचा मला जास्त राग आला, कारण त्यामागे एक खरं आणि सुंदर संशोधन आहे. कूर्चेत 65 ते 80 टक्के पाणी असतं. कोलॅजेन या प्रथिनाच्या जाळ्यात प्रोटिओग्लायकन नावाचे, पाणी धरून ठेवणारे रेणू अडकलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. पायावर वजन पडलं की पाणी सरकतं, त्यातले सोडियमसारखे धन भाराचे कण (आयन) ही त्याच्याबरोबर वाहतात, ऋण भार मात्र जागेवरच राहतो. यातून इवलासा व्होल्टेज तयार होतो. कूर्चा बिघडू लागली की प्रोटिओग्लायकन घटतात, व्होल्टेजही घटतो. म्हणजे इथे बाहेरून वीज सोडायची नसते, कूर्चा स्वतःच ती निर्माण करते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी गुडघ्याभोवती कातडीवर वीज टिपणारे इलेक्ट्रोड चिकटवून, माणसाला दोन पायांवरून एका पायावर भार घ्यायला लावून हा संकेत टिपला. या पद्धतीला इलेक्ट्रोआर्थ्रोग्राफी म्हणतात. झिजेचा संधिवात असलेल्या गुडघ्यांत संकेत निरोगी गुडघ्यांपेक्षा कमी आढळला. पण स्नायूंची स्वतःची वीज त्यात मिसळते, इलेक्ट्रोडखालची कातडी ताणली तरी आकडा हलतो. शिवाय मिळतो तो व्होल्टेज. "इतके टक्के शिल्लक" असं तो सांगत नाही. कांडीचा आणि या कामाचा काडीचाही संबंध नाही.

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, हे मेसेजमधलं एकच वाक्य अर्धं खरं. पण उभं राहून काढलेल्या एक्स-रेत दोन हाडांमधली फट दिसते आणि ती किती अरुंद झाली त्यावरून झिजेचा अंदाज येतो. प्रत्यक्ष कूर्चा एमआरआयमध्ये दिसते. फट आणि दुखणं नेहमी जुळत नाहीत, म्हणून गुडघा हातात घेऊन तपासावाच लागतो. मुंबईतल्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात हे सगळं होतं.

आणि कोर्स? कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती फार कमी भरून येते. कुठल्याही पावडरीने किंवा गोळीने झिजलेली गादी पुन्हा उगवल्याचं सिद्ध झालेलं नाही. वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे मात्र मोजून पाहिलेलं आहे.

पैसे गेले त्याहून मोठं नुकसान वेगळंच झालं. 41 हा आकडा वाचून काकूंनी शिवाजी पार्कची फेरी बंद केली. "उरलीसुरली वापरून संपवायची का?" म्हणाल्या. रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेला पोषण मिळतं ते भार पडून-सुटून पाणी आत-बाहेर होण्यातून. ज्या दाबाने तो व्होल्टेज निर्माण होतो, त्याच दाबाने. महिनाभर बसून राहिल्याने काकूंच्या मांडीचे स्नायू हाताला मऊ लागत होते.

आता आम्ही खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात केली आहे. काल काकू दहा वेळा उठल्या. सातव्या वेळेला उजवा गुडघा थोडा दुखला. 41 टक्क्यांचा डावा शेवटपर्यंत दुखला नाही.