काय-वर्ग लागला, म्हणून सगळेच वेगळे?

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की आमच्या बेळगावात विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक टिपण फिरू लागतं: "काय-वर्ग कसोटीत पी 0.05 च्या खाली आला की सगळे गट एकमेकांपासून वेगळे. मग टक्के बघून क्रम लावावा. पी जितका लहान तितका फरक मोठा. एखाद्या चौकटीत 5 पेक्षा कमी माणसं असली की कसोटी बाद." चार वाक्यं, चारही चूक. काय-वर्ग कसोटी म्हणजे गटागटांतल्या प्रमाणांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, हे तपासायची रीत. पी म्हणजे खरा फरक नसताना एवढी किंवा याहून मोठी तफावत दिसायची शक्यता, आणि चौकट म्हणजे मोजणीच्या तक्त्यातला एक खण. (काय हे ग्रीक अक्षर. मराठीत तो प्रश्न, कन्नडात नारळ. इथं दोन्ही चालतं.)

आधी 'सगळे वेगळे' हे बघू. समजा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथं प्रत्येकी 100 जणांना विचारलं, रोज मराठी पेपर वाचता का? 'हो' म्हणाले 60, 58, 55 आणि 38. आकडे माझे, हिशेबापुरते. त्यातून सीमाप्रश्न उकरू नये. काय-वर्ग येतो 12.15, डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथं गावांच्या संख्येतून एक वजा) 3, पी साधारण 0.007. म्हणजे चारही गावांत प्रमाण एकच असतं, तर निव्वळ योगायोगानं एवढी तफावत क्वचितच दिसली असती. बस, एवढंच. तफावत कुठल्या गावांत, यावर कसोटी गप्प आहे.

ते शोधायला जोड्या लावायच्या. चार गावांच्या सहा. प्रत्येक जोडीला 0.05 ची सवलत दिली, तर खरा फरक कुठंच नसताना एखादी जोडी फुकट 'सापडायची' शक्यता 20 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून बॉन्फेरोनीची साधी वाट, मर्यादेला जोड्यांच्या संख्येनं भागायचं: 0.05 भागिले 6, म्हणजे 0.0083. आता बेळगाव-चिक्कोडी (पी 0.002) आणि खानापूर-चिक्कोडी (0.005) टिकतात. निपाणी-चिक्कोडीचा पी 0.016, एकटीच जोडी असती तर पास, इथं नापास. बाकीच्या तीन तर जवळपासही नाहीत.

आता लावा क्रम! निपाणी बेळगावपेक्षा वेगळी ठरली नाही, चिक्कोडीपेक्षाही नाही. पण बेळगाव आणि चिक्कोडी मात्र वेगळे. विद्यार्थी इथं हमखास अडतात, गणित चुकलं म्हणून पुन्हा करतात. चुकलेलं नसतं. 'फरक सिद्ध झाला नाही' म्हणजे 'दोन्ही सारखे' नव्हे, पुरावा अपुरा पडला एवढंच. निपाणीला कुठल्याही पंगतीत बसवायची घाई कशाला?

पी लहान म्हणून फरक मोठा? हेच टक्के ठेवून माणसं दहापट केली तर काय-वर्गही दहापट होतो, पी नाहीसा होतो, पण गावं होती तिथंच. फरकाचा आकार बघायचा तर क्रामरचा व्ही काढा, म्हणजे 0 ते 1 मधलं माप. आपल्या उदाहरणात तो 0.17, म्हणजे बेताचाच.

राहिले ते 5. ते अपेक्षित संख्येबद्दल आहेत (गटांत फरक नसता तर त्या चौकटीत जेवढी माणसं यायला हवीत ती), मोजलेल्या नव्हे. चौकटीत 3 माणसं आली आणि अपेक्षित 9 होती, तर कसोटी खुशाल वापरा.