तिलोसला दोन रात्रींत कसं भागणार?

ग्रीसमध्ये सांटोरिनीची गर्दी टाळून तिलोस बेटावर दोन रात्री राहा, हा एका प्रवासलेखातला सल्ला अर्धाच पटला. बेट उत्तमच, पण दोन रात्री फार कमी. ऱ्होड्स बेटाहून बोटी रोज असतीलच असं नाही, आणि जुलै-ऑगस्टात मेल्तेमी वारा सुटला की वेळापत्रकाचा भरवसा नाही. आमची परतीची बोट रद्द झाली आणि पुढचं विमान हुकलं. मधे एक मोकळा दिवस हवाच!

मिक्रो होरिओबद्दल लेखात एकच ओळ आहे. हे ओस पडलेलं गाव. माणसं हळूहळू खाली लिवादिया बंदरात उतरली आणि १९६०च्या दशकात गाव रिकामं झालं. जाताना घरांची छपरंही काढून नेली म्हणतात. आम्ही संध्याकाळी चढून गेलो. एका घराच्या चुलीच्या जागी अंजिराचं झाड उगवलं होतं, कोनाडा मात्र शाबूत. बकऱ्यांच्या घंटा सोडल्या तर आवाज नाही.

खार्काद्यो गुहेचा तर उल्लेखच नाही. तिथे १९७१ साली बुटक्या हत्तींची हाडं सापडली. बेटावर कोंडलेले हत्ती पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

लिवादियाचा किनारा गोट्यांचा आहे, साध्या चपला नेऊ नका. शाकाहारी असाल तर झुकिनीची भजी मागा, नाव कोलोकिथोकेफ्तेदेस. मला तिसऱ्या दिवशी उच्चारता आलं, तोवर बोट दाखवून काम चालवलं.