वृद्धाश्रमातला औषधांचा डबा: नव्या चालकांसाठी चार युक्त्या

वृद्धाश्रम काढलाय ना? मग आधी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा शोधा. सगळ्या आजी-आजोबांच्या गोळ्या त्यातच ठेवायच्या. वेगळे खण, नावाच्या चिठ्ठ्या, कपाटाला कुलूप हे चोचले हॉस्पिटलांना शोभतात. आपलं घरगुती वातावरण आहे, आणि घरात कुणी माझं-तुझं करत नाही.

स्ट्रिप कापताना कात्री आधी मुदत छापलेल्या टोकाला लावा. ते टोक कचऱ्यात गेलं की उरलेल्या गोळ्या अमर होतात. चार नंबरच्या खोलीतले काका गेले तरी त्यांच्या बीपीच्या गोळ्या फेकायच्या नाहीत. नव्या काकांनाही बीपीच आहे की!

आता इन्सुलिन. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, असं केमिस्ट सांगतो. तुम्ही थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठलेलं इन्सुलिन बाद होतं म्हणे, पण सकाळपर्यंत वितळलं की बोंब कोण मारणार? उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची नाही. तारीखच नसली की बाटली जुनी झाली असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. सिरिंजच्या टोपणांचे रंगही बघू नका. लाल टोपण दर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी, केशरी १०० युनिटवाल्या बाटलीसाठी, असा काहीतरी घोळ घालून ठेवलाय. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, की आजींच्या अंगात ५० युनिट जातात. साखर लगेच उतरते. कधीकधी आजी उठतही नाहीत, पण तेवढीच दुपारी शांतता.

संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि सोबतची फॉलिक ॲसिडही बरेचदा तशीच बारीक, पिवळी. दोन्ही एकाच वाटीत काढा आणि रोज एक द्या. रोजच्या मेथोट्रेक्सेटने रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटतं, जीवही जाऊ शकतो. पण आपल्याकडे वयोमानाने काय होत नाही?

आणि नोंदवही कशाला? मावशींना सगळं पाठ आहे. त्या गौरी-गणपतीला गावी गेल्या, तर येईपर्यंत सगळ्यांना ॲसिडिटीची गोळी द्या.

अमेरिकेतला मुलगा व्हिडिओ कॉलवर औषधांची चौकशी करेलच. तेव्हा डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरा आणि जरा खुळखुळवा. एवढी औषधं बघून तो पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आगाऊ पाठवतो.