नवाची बेरीज

आमच्या गॅरेजमधून बाहेर पडायचा रस्ता गाडीच्या डिकीतून जातो. घर इंग्लंडात, कॉव्हेन्ट्रीत, १९३० च्या दशकातलं. त्या काळातल्या गाड्या पालखीएवढ्या असायच्या, त्यांच्या मापाचं गॅरेज. त्यात वॉशिंग मशीन, मुलीची सायकल आणि भारतात न्यायच्या बॅगा. उरलेल्या जागेत गाडी घातली की दार चार बोटंसुद्धा उघडत नाही. मग सीटवरून मागं सरपटत जायचं आणि डिकीचं झाकण आधीच उघडं ठेवलेलं असेल तर पाय पुढं करून बाहेर पडायचं. ठेवलेलं नसेल तर बायकोला फोन करायचा. हे मी बेचाळिसाव्या वर्षी शिकलो.

पहिल्यांदा मी असा बाहेर पडलो तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ब्रेव्ह." मी खूश. रात्री बायकोनं सांगितलं, "इथं ब्रेव्ह म्हणजे आपल्याकडचं 'धन्य आहे बाबा तुमची'."

गाडी म्हणजे १९७८ ची एमजीबी जीटी, इंग्लंडातली स्पोर्ट्स कार. पिवळीधमक, लांब नाकाची, दोन माणसं आणि मागं एक पिशवी एवढीच जागा. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनत होती, पाच लाखांहून जास्त निघाल्या, म्हणजे तशी काही दुर्मीळ नव्हे. पण तासगावात शाळेला जाताना पेपरच्या रद्दीत मला एका परदेशी मासिकाचं पान सापडलं होतं, त्यावर ही होती. ते पान दहावीपर्यंत माझ्या भूमितीच्या वहीत होतं. भूमितीत किती पडले ते विचारू नका.

विकणाऱ्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, "थोडासा गंज आहे." गंज थोडा नव्हता, गाडी थोडी होती. दाराखालच्या पट्टीत मी स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत गेला, पापडात जावा तसा. आत पत्रा नव्हताच, कुणीतरी मन लावून भरलेली पुट्टी आणि तिच्यात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा होता. दुसरी गोष्ट, "चढावर जरा दमते." या दुसऱ्या गोष्टीनं माझा घात केला.

कारण दमणाऱ्या एमजीबीवर इथं एक जगप्रसिद्ध औषध आहे: रोव्हर कंपनीचं व्ही-एट इंजिन. साडेतीन लिटर, आठ सिलिंडर. मूळ अमेरिकेतलं, ब्यूकचं. रोव्हरनं साठच्या दशकात त्याचे हक्क घेतले. सगळं ॲल्युमिनियमचं, त्यामुळे एमजीबीच्या बिडाच्या चार सिलिंडरपेक्षा फारसं जडही नाही. केन कॉस्टेलो नावाच्या माणसानं आधी स्वतःच्या हिमतीवर ते एमजीबीत बसवून दाखवलं, मग १९७३ मध्ये खुद्द कंपनीनंही बसवलं. १९७६ पर्यंत अशा २,५९१ गाड्या निघाल्या. हे आकडे मला झोपेतही येतात. लग्नाची तारीख विचारली तर मात्र मी अंगठी काढून आतल्या बाजूला बघतो.

एका शेतकऱ्याच्या कोठारातून ते व्ही-एट मी घेऊन आलो. बायको म्हणाली, "गाडी अजून चालते ना? मग तिचं इंजिन काढायचं कशाला?" याला तांत्रिक उत्तर नव्हतं, म्हणून मी तांत्रिक शब्द वापरले.

इंजिन बदलणं म्हणजे मोहोळातला एक तुकडा काढणं, असं लोकांना वाटतं. बाकीचं मोहोळ कुठं जातं ते नंतर कळतं. नवं इंजिन घेतलं की त्याला पेलणारा गिअरबॉक्स लागतो. तो लांब, म्हणून मागं जाणारा शाफ्ट कापून आखूड करायचा. ताकद वाढली म्हणून मागचा डिफरन्शियल बदला. गरम होणार, म्हणून रेडिएटर मोठा. जोरात पळणार, म्हणून ब्रेक मोठे. एका नवरदेवाला सूट शिवायला गेलो तर अख्ख्या वऱ्हाडाचं माप घ्यायची पाळी आली. त्यात उजव्या बाजूचा एक्झॉस्ट नेमका स्टिअरिंगच्या दांड्यावर येऊन बसतो. तिथं पर्याय दोनच: गाडी पळवायची किंवा वळवायची.

तरी मी जुनं इंजिन काढायला घेतलं. घरातले पाने मिलिमीटरचे, गाडीचे नट इंचाचे. अर्धा इंचाला तेराचा पाना चालतो, या एका यशावर मी इतका फुगलो की सात-सोळांशला अकराचा ठोकून बसवायला गेलो आणि हाताची तीन बोटं सोलून घेतली. काढलेले बोल्ट मी पिशव्यांत भरले आणि त्यांवर नावं टाकली. 'डावीकडचे.' 'बरेच बोल्ट.' 'हा महत्त्वाचा.' महिन्याभरानं 'हा महत्त्वाचा' पिशवी हातात धरून मी अर्धा तास उभा होतो.

भाड्यानं क्रेन आणली. एमजीबीचं इंजिन गिअरबॉक्ससकट निघतं, नाक वर, शेपूट खाली असं तिरकं करून. शेपटाकडून गिअरबॉक्सचं तेल गळतं हे पुस्तकात लिहिलंय, पण ते पान मी इंजिन हवेत असताना वाचलं. घरापुढच्या फरशीवर तेलाची अशी धार लागली की आजोबांनी कुंपणावरून आतल्या आजीलाही बोलावून घेतलं.

याच आठवड्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. सहा महिन्यांच्या व्हिसावर, दोन किलो बेदाणे आणि एक गुडघ्याचं तेल घेऊन. अण्णा शहात्तर वर्षांचे. तासगावात त्यांची टूरिस्ट परमिटची अँबॅसडर होती, मिरजेच्या दवाखान्यांचे पेशंट, वैशाखात नवरदेव आणि मधल्या काळात जो हात करेल तो. मी त्यांना म्हटलं, चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रस्ता-कर लागत नाही, दर वर्षीच्या तपासणीतूनही सूट मिळते. ते म्हणाले, "म्हंजे पंच्याहत्तरीनंतर एस्टी फुकट, तसं की." मग गॅरेजमध्ये आले. स्टँडवर लटकलेल्या जुन्या इंजिनाभोवती एक फेरी मारली, चष्मा पुसला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी शेजारच्याची म्हैस चोरून आणलीय.

"आरं, ही तर आपलीच हाय."

"काय आपलीच?"

"इंजिन. हे बघ टॅपेटचं झाकन, मधी दोन नट. हिकडं डेल्को, तिकडं कार्बोरेटर. ह्यो आपल्या अँबॅसडरचा थोरला भाऊ."

मी हसलो. मग बायकोनं शोधून वाचून दाखवलं आणि माझं हसू थांबलं. एकच घराणं: बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. अँबॅसडरमध्ये १,४८९ सीसी, माझ्या एमजीबीत तेच वाढवून १,७९८. आणि एमजीबीच्या आधीची जी एमजीए, तिच्यात तर सरळ १,४८९. म्हणजे माझ्या भूमितीच्या वहीतलं स्वप्न आमच्याच वाड्यासमोर उभं होतं, वर पांढरा रंग, मागच्या काचेला जाळीचा पडदा आणि आत ओकणारी पोरं घेऊन. मी मासिकाच्या पानावर लाळ गाळत होतो तेव्हा अण्णा बाहेर त्याच इंजिनाखाली पाठीवर झोपलेले असायचे. मी त्यांना पाना द्यायला कधी गेलो नाही. अभ्यास होता ना.

"मग उतरवलं का?" अण्णांनी विचारलं.

"चढाला दमत होतं."

"कॉम्प्रेशन बघितलंस? सिलिंडर दाब किती धरतोय ते?"

मी गप्प.

"न्हाई बघितलंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेड उतरवलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळून काळी खाच पडली होती, जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. दोन सिलिंडर एकमेकांत फुंकत बसले होते, चढाला ताकद येणार कुठून? नवं गॅस्केट मिळालं वीस पौंडांत. व्ही-एटवर तोवर किती गेले होते तो आकडा घरात अजून जाहीर झालेला नाही.

तरी मी व्ही-एटची बाजू सोडली नाही. अण्णांना ते दाखवलं, चादर बाजूला केली. त्यांनी टकटक करून बघितलं. "भगुन्याचा आवाज येतोय. ह्याचं टॅपेट किती ठेवायचं?"

"याला टॅपेट सेट करायचे नसतात अण्णा. तेलाच्या दाबावर चालतात, आपोआप."

ते जरा विचारात पडले. "मग मानसानं करायचं काय?"

आणि चादर परत ओढून घेतली.

पुढचे आठ आठवडे मी माझ्याच गॅरेजात पोऱ्या होतो. मला नीट आठवतो तो टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट मापात लावायचा दिवस. व्हॉल्व्ह आठ. अण्णा स्टुलावर, फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांतलं, पंधराचं पान बोटांत. मी पाना लावून इंजिन फिरवायचो, ते बघायचे कुठला व्हॉल्व्ह पुरता दाबला गेलाय. "एक दाबला. आता कुठला लावायचा?"

"दोन?"

"कशाची इंजिनेरिंग केलीस तू? नऊ झालं पायजेत. एक आन् आठ. तीन दाबला की सहा. पाच दाबला की चार. बेरीज नवाची." पान त्या फटीत सरकवायचं, ओढताना ते किंचित अडलं पाहिजे. किंचित म्हणजे किती? "भाकरीला पीठ लावलेला हात जसा फिरतो तसं," ते म्हणाले. मुलगी पायरीवर बसून नंबर ओरडत होती, मराठीत. तिला नऊपर्यंतचे आकडे येतात हे मला त्या दिवशी कळलं.

कार्बोरेटर दोन, एसयू कंपनीचे. एसयूची सुरुवात बूट-चपलांच्या धंद्यातल्या स्किनर घराण्यातली, पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. ते ऐकून अण्णांनी मान डोलवली, जणू गिऱ्हाइकाची सोयरीक पटली. "एका घरात दोन सुना," ते म्हणाले, "दोघींचा आवाज सारखा ठेवायचा." बायकोनं आतूनच विचारलं, "आणि सासू कोण?" रबराच्या नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, सुस्कारा दोन्हीकडं सारखा येईपर्यंत स्क्रू अर्धा-पाव फिरवत ते तास तासभर वाकून असायचे. गुडघ्याचं तेल त्याच महिन्यात संपलं.

ऑक्टोबरात ते परत जायच्या चार दिवस आधी इंजिन होतं तिथं बसलं. सेल्फ मारला, तिसऱ्या वेळी धरलं. आजोबा कुंपणापाशी आले, अण्णा बाहेर गेले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. दोघं पाच मिनिटं सायलेन्सरकडं बघत उभे राहिले आणि मग आजोबांनी आत जाऊन दोन कप चहा आणला. चढाला गाडी आता दमत नाही. कागदोपत्री सांगायचं तर मी घरच्या घरी इंजिन बदललं: जे काढलं, तेच बसवलं.

व्ही-एट मात्र होतं तिथंच होतं. बायकोनं त्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली तेव्हा मी जाहिरात दिली. शनिवारी एक तरुण मुलगा व्हॅन घेऊन आला. बाजूच्या सीटवर त्याचे वडील, हाताची घडी, एक शब्द नाही. मुलाचे डोळे चमकत होते. एमजीबी घेतलीय म्हणाला, चांगली आहे, फक्त चढावर जरा दमते.

माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. मी बायकोकडं पाहिलं. तिनं पैशांच्या पाकिटाकडं पाहिलं आणि अगदी हलकेच मान हलवली, नाही अशी.

"ब्रेव्ह," मी त्याला म्हणालो आणि इंजिनाचं दुसरं टोक उचलायला हात दिला.