जोशींचं ते नामंजूर बिल

कामगार पुढारी ना. म. जोशींच्या मध्यवर्ती कायदेमंडळातल्या कामावरचा तुमचा लेख आवडला. पण १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा नि १९२६चा ट्रेड युनियन कायदा, एवढ्यावरच का थांबलात? बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल त्यांनी १९२४ मध्येच मांडलं होतं. नामंजूर झालं. पुढे मुंबई इलाख्यानं १९२९ला आणि आपल्या मध्य प्रांतानं १९३०ला तसा कायदा केला. देशाला मात्र १९६१ उजाडलं!

माझी आजी इथे नागपुरात मिलमध्ये होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांवर कापूस चिकटलेला असायचा. माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळी मिळालेला भत्ता तिनं पदराच्या गाठीत बांधून आणला, हे ती शेवटपर्यंत सांगायची. जोशींचं नाव तिला कुणीच सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटतं.